टाकायची तारीख

धाकटी त्या दुपारी खाली स्वयंपाकघरात उतरली ती चष्मा आणायला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर लोकांनी या गोष्टीला भरपूर तिखटमीठ लावलं. कुणी म्हणालं तिला बोलावणं आलं होतं, कुणी म्हणालं आदल्या रात्री स्वप्न पडलं होतं. छे! चष्मा कांदे चिरायच्या टेबलावरच्या फळीवर राहिला होता, आणि खिशात एक कागद होता, जो तिला चष्म्याशिवाय वाचता येत नव्हता. एवढंच कारण.

आता धाकटी म्हणजे कोणी कोवळी पोर नव्हे हं. पन्नाशीला टेकलेली, जिना उतरताना दोन्ही गुडघ्यांना शिव्या घालणारी बाई. पण त्या हॉटेलात तिच्या आधीपासून एक थोरली होती, म्हणून ही धाकटी. नात्यागोत्याच्या नव्हत्या. पण अकरा वर्षं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या राहून सख्ख्या बहिणींसारख्या भांडल्या होत्या. धाकटी चिरायची, थोरली शिजवायची. आणि थोरलीचं सूप! वर हॉलमध्ये पांढऱ्या चादरी घातलेल्या टेबलांवर बसून साहेबलोक वाटी तिरकी करून शेवटचा थेंब चमच्यात घ्यायचे. त्यांना काय माहीत, खाली तळघरात कोणाचा हात त्याच्यावर फिरलाय. वाटी रिकामी खाली आली की भांडीवाले काका ती उचलून दाखवायचे आणि ओरडायचे, "थोरले, धुवायला काही ठेवलंच नाही गं!" मग थोरली नुसती मान उडवायची. तेवढाच तिचा तोरा.

त्या हॉटेलात तीन ते सहा सुट्टी असायची. सकाळची पाळी तीनला संपते, संध्याकाळची सहाला सुरू होते. मधल्या तीन तासांचा पगार नाही. घरी जाऊन यायचं तर सगळ्यांची घरं दोन दोन बसच्या अंतरावर. म्हणजे जाऊन उंबऱ्याला हात लावायचा आणि परत फिरायचं. या वेळेला सगळे 'मधली सुट्टी' म्हणायचे, शाळेतल्यासारखी. मालकाने तेवढ्यात एक काटकसरही शोधून काढली होती. तीनच्या ठोक्याला तळघराचा मेन स्विच बंद. कोल्ड रूमची वायर तेवढी वेगळी, म्हणून तिच्या आतला एक लाल बल्ब जळत राहायचा. बाकी भर दुपारी खाली मिट्ट काळोख. तळघराला खिडकी कुठली असायला!

पण सूपाला मधली सुट्टी कळत नाही. सातला वाढायचं असेल तर हाडं आणि भाज्या तीनलाच चढवायला लागतात, आणि साडेपाचपर्यंत कोणीतरी त्यांच्या डोक्यावर उभं राहायला लागतं. ही गोष्ट मालकाला माहीत होती, मॅनेजरला माहीत होती. मॅनेजर म्हणजे मालकाचा जावई, आम्ही सगळे, माझ्यासारखे वरचे वाढपीसुद्धा, पाठीमागे त्याला जावईबापू म्हणायचो. "सूप कोण चढवतं?" असं मात्र त्याने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर पगार द्यावा लागला असता. मग थोरलीच थांबायची. काळोखात, गॅसच्या निळ्या उजेडात, अकरा वर्षं.

गोष्ट पुढे कळायची तर त्या स्वयंपाकघराच्या दोन रीती सांगायला हव्यात.

पहिली रीत हाकेची. खाली जागा अरुंद, हातात उकळती पातेली, धारदार सुऱ्या. म्हणून कोणाच्या पाठीमागून जायचं असेल तर ओरडायचं, "मागे!" आणि पुढच्याने मान न वळवता उत्तर द्यायचं, "आहे!" आणि टेबलाला पोट चिकटवून पातेलं जाईपर्यंत तसंच थांबायचं. उत्तर दिलं नाही आणि वळलं, तर उकळतं पाणी अंगावर. पहिल्या आठवड्यात प्रत्येकजण एकदा भाजतो, मग जन्मभर विसरत नाही. धाकटीच्या नवऱ्याने एकदा घरात सहज म्हटलं, "अगं, मागे हो जरा," तर ही "आहे!" म्हणून कपाटाला चिकटली. तो आठवडाभर हसत होता.

दुसरी रीत पट्टीची. शिजवलेलं जे काही कोल्ड रूममध्ये जाईल, त्याच्या डब्यावर कागदी टेपची पट्टी चिकटवायची आणि मार्करने चार ओळी लिहायच्या. काय आहे. कधी केलं, तारीख आणि वेळ. करणाऱ्याची खूण. आणि शेवटी, टाकायची तारीख. सूपाला तीन दिवस, उकडलेल्या बटाट्याला दोन. पट्टी नसेल तर डबा सरळ कचऱ्यात. थोरलीची खूण म्हणजे एक गोल आणि त्याला खाली एक शेपूट. पळी काढायची ती. कोणालाही ओळखू यायची.

तर ही थोरली त्या दुपारच्या तीन आठवडे आधी गेली.

चार दिवस अंगात ताप होता. आजारपणाची रजा असला प्रकार त्या तळघरात नव्हता. एक दिवस आलं नाही तर एका दिवसाचा पगार नाही, आणि तीन दिवस आलं नाही तर चौथ्या दिवशी आपल्या जागेवर दुसरंच कोणीतरी उभं. चौथ्या दिवशी धाकटी तिला म्हणाली, "थोरले, आज तरी घरी जा. डोळे बघ तुझे." थोरली म्हणाली, "सूप चढवते आणि जरा टेकते." साडेपाचला धाकटी खाली आली तेव्हा थोरली कोल्ड रूममध्ये बटाट्याच्या पोत्यावर बसलेली होती. ताठ. डोळे उघडे. हातात मार्कर, टोपण काढलेला. गॅसवर सूप तयार, आच बारीक केलेली.

आणि जावईबापू काय म्हणाला? "त्या कामावर नव्हत्या. सुट्टीची वेळ होती. खाली गारव्याला झोपायला गेल्या असतील." कामावर असताना माणूस गेलं तर घरच्यांना भरपाई मिळते, तसा कायदा आहे. कामावर नसताना गेलं तर फक्त माणूस जातं. थोरलीची एकुलती एक लेक आली होती, शिवणकाम करणारी. तिला प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून आईचा ॲप्रन दिला. आणि त्या महिन्याच्या पगारातून अर्धा दिवस कापला, संध्याकाळची पाळी केली नाही म्हणून! ऐकताय ना? मेलेल्या बाईची गैरहजेरी लावली.

लेक गप्प बसणारी नव्हती. तिने भरपाईसाठी कामगार कार्यालयात अर्ज केला. म्हणून मग तो कागद निघाला. 'स्वयंपाकघर दुपारी तीन ते सहा बंद असते. त्या वेळेत खाली कोणीही काम करत नाही. मयत बाई त्या वेळी कामावर नव्हत्या.' खाली आठ रेघा. सात जणांनी सह्या केल्या होत्या, भांडीवाल्या काकांनीसुद्धा. पोटाला चिमटा बसला की माणूस पेन धरतोच, मी कोणाला नावं ठेवत नाही. आठवी रेघ धाकटीची. तिची सही महत्त्वाची, कारण थोरली तिलाच सापडली होती. जावईबापूने कागद तिच्या हातात देऊन गोड आवाजात सांगितलं होतं, "सहाच्या आत द्या, बाई. थोरलीची जागा तुमचीच आहे, पगारही वाढेल. आणि नाही दिलात, तर उद्या यायची तसदी घेऊ नका."

धाकटीचा नवरा पाठीच्या दुखण्याने दोन वर्षं घरी. त्याच्या गोळ्या हिच्या पगारावर. सही केली तर थोरलीच्या लेकीच्या हातात भोपळा. नाही केली तर उद्यापासून हिच्या. असा तो कागद खिशात घेऊन धाकटी सव्वातीनला तळघराचा जिना उतरली.

बरं, आता दिवा जरा जवळ ओढा. नाही, मला भीती वाटत नाही. तुमच्यासाठी म्हणतोय.

जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत वरचा उजेड येतो. त्याच्यापुढे काहीच नाही. धाकटीला उजेडाची गरजही नव्हती, तिला ती जागा पायांनी पाठ होती. सात पावलं सरळ, डावीकडे हात धुवायची मोरी, मग टेबलाची कड. फक्त कोल्ड रूमच्या दारातल्या काचेच्या तुकड्यातून लाल उजेडाची एक पट्टी फरशीवर पडलेली. पंखे बंद, त्यामुळे दुपारचा उबारा तसाच साचलेला. नळातून थेंब पडत होता.

टप... टप...

पहिल्यांदा वास आला. सूपाचा. हाडं, गाजर, कांदा, मिरी. धाकटी थबकली. थोरली गेल्यापासून सूप पाकिटातल्या पावडरचं होत होतं. त्याला असला वास नव्हता. तिने चाचपडत शेगडीवर हात ठेवला. लोखंड थंडगार. पातेलं नाही, काही नाही. पण वास मात्र असा, की आत्ता कोणीतरी झाकण उचललं असावं.

"काय हे," ती स्वतःशी पुटपुटली. "म्हातारी झाले मी."

मग आवाज आला. नळाचाच असं तिला वाटलं. पण नळ तीनदा भरभर आणि एकदा सावकाश टपकतो का? टक टक टक... टक. टक टक टक... टक. फळीवर सुरी. सूपाच्या भाज्या थोरली स्वतःच चिरायची, आणि तिचा हात असाच चालायचा. तीन काप, मग सुरीच्या पात्याने बाजूला सारायचं, परत तीन काप. अकरा वर्षं धाकटीने तो ताल ऐकला होता, कधीकधी त्याच्यावर झोपेतही मान हलवायची. तिने फळीवर हात फिरवला. चष्मा सापडला. पटकन डोळ्यांवर चढवला, जणू चष्म्याने काळोखात दिसणार होतं. आता वळायचं आणि सात पावलांत जिना गाठायचा.

आणि तिच्या अगदी पाठीमागून, कानाच्या खाली, दमलेला आवाज आला...

"मागे!"

"आहे!" धाकटी म्हणाली आणि टेबलाला पोट चिकटवून उभी राहिली.

झालं! दुसरी कोणी असती तर किंचाळली असती, पळाली असती. पण हिचं अंगच तसं घडलेलं. तोंडातून शब्द गेल्यावर मग तिला कळलं, आपण कोणाला उत्तर दिलं. आणि आता हलता येईना. कारण 'आहे' म्हटल्यावर पातेलं जाईपर्यंत हलायचं नाही. तिच्या पाठीला ऊब लागली. उकळत्या पातेल्याची असते तशी ओलसर ऊब. ॲप्रनच्या कापडाची कड तिच्या कमरेला घासून गेली. पाय ओढत चालल्याचा आवाज, डावा पाय जरा जास्त. मग ऊब गेली आणि पाठीवर घाम गार पडला.

कोल्ड रूमची कडी खाडकन वाजली. दार उघडलं. लाल उजेड फरशीवरून सरकत थेट धाकटीच्या चपलांपर्यंत आला.

ती मला पुढे सांगताना म्हणाली होती, "भीती वाटली का म्हणून विचारू नका. वाटलीच. पण मला राग आला हो. मेल्यावरसुद्धा बाई पातेली उचलतेय. हिला कोणी बस म्हणणार की नाही?" त्या रागातच ती आत गेली.

आत थंडी. बटाट्याचं पोतं तिथेच. मागच्या भिंतीला लागून चाकांची लोखंडी मांडणी असायची, जड डब्यांची. तो थोरलीचा कोपरा. तिथे दुसऱ्या कोणी हात घातला तर ती पळी उगारायची. आता मांडणी बाजूला सरकलेली होती. आणि मागची भिंत उघडी.

भिंत पट्ट्यांनी भरलेली होती. खालपासून हात पोचेल तिथपर्यंत, एकीला लागून एक, सरळ रांगांत. जुन्या पिवळ्या पडलेल्या, नव्या पांढऱ्या. शेकडो... नव्हे, हजारांनी. प्रत्येक पट्टीवर चार ओळी आणि गोलाला शेपूट. धाकटीने चष्मा नाकावर नीट बसवला आणि वाचायला लागली. सूप, इतकी तारीख, तीन वाजून वीस. सूप, दुसऱ्या दिवशी, तीन वाजून दहा. साडेचार. पावणेपाच. अकरा वर्षांच्या मधल्या सुट्ट्या.

आणि तिला एकदम कळलं त्या कशाला लावल्या होत्या ते. रिकाम्या डब्याची पट्टी आपण सोलून फेकतो. पण ज्या दिवशी सूप थेंबभरही उरलं नाही, टाकायची तारीख यायच्या आधीच डबा खडखडीत झाला, त्या दिवसाची पट्टी थोरलीने फेकली नाही. इथे आणून लावली. लोक शाळेतली बक्षिसं भिंतीवर लावतात, तसं. कोणाला दाखवलं नाही, कोणाला बोलली नाही. "अगं बाई," ती म्हणाली, "एवढा माज होता तुला! आणि मला पत्ता लागू दिला नाहीस."

सगळ्यात शेवटच्या रांगेत, उजवीकडे, पोत्यावर बसून मांडणीच्या मागे हात पोचेल अशा जागी, एक पट्टी होती. तीन आठवड्यांपूर्वीची तारीख. वेळ चार वाजून पन्नास. ही मात्र तिने सूप वर जायच्या आधीच भिंतीवर चिकटवून लिहायला घेतली होती, जणू रात्री वाट्या रिकाम्या येतील तेव्हा आपण नसू हे तिला कळलं होतं. गोल काढलेला होता. शेपूट अर्ध्यावर तुटलेलं, आणि पुढे मार्करची रेघ भिंतीवरून खाली घसरत पोत्यापर्यंत आलेली.

धाकटी त्या पोत्यावर बसली. खिशातला कागद काढून तिने लाल उजेडात तो वाचला. त्या वेळेत खाली कोणीही काम करत नाही. तिने भिंतीकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. मग जन्मात कधी हसली नव्हती तशी हसली. बाहेर सुरी अजून चालूच होती. टक टक टक... टक.

"चिर बाई तू," ती म्हणाली. "मी बसलेय इथे."

तिला वेळेचं भान राहिलं नाही. सुरी थांबली तेव्हा तिने वर पाहिलं. जिन्यावर बुटांचा आवाज होता. जावईबापू मोबाईलचा उजेड नाचवत खाली आला आणि दारात उभा राहिला.

"बाई? अंधारात काय करताय? सही झाली का?"

"नाही केली."

"अहो, सहाला दहा मिनिटं उरलीत."

"बघा ना, साहेब," धाकटी उठून बाजूला झाली. "कागदात लिहिलंय इथे कोणी काम करत नाही. मग हे कोणी केलं?"

त्याने उजेड भिंतीवर टाकला. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. पट्ट्या वाचण्याइतका तो हुशार होता. चेहरा उतरलाच त्याचा. मग खाकरून म्हणाला, "हा कचरा आहे. तपासणीवाल्यांनी पाहिला तर दंड होईल. भिंत आत्ताच्या आत्ता साफ करायची." आणि ती हलली नाही असं पाहून स्वतःच पुढे गेला, वाकला, आणि नखाने शेवटची पट्टी खरवडायला लागला.

"साहेब, हात काढा."

"तुम्ही उद्यापासून येऊ नका."

"उद्याचं उद्या बघू. आज माझी पाळी सहाला आहे, आणि ती मी करणार." धाकटीचा आवाज चढला. इतकी वर्षं त्या बाईने वरच्या माणसाशी आवाज चढवला नव्हता. "थोरली कामावर होती. हे मी सांगणार. लेकीला सांगणार, अर्ज घेणाऱ्या साहेबाला सांगणार, त्याला इथे हाताला धरून आणणार. तुम्ही वर बसून ज्या सूपाचे पैसे मोजलेत ना, ते काळोखात उभं राहून केलेलं आहे. आमच्यात कोणी झोपायला खाली येत नाही!"

तिचा आवाज जिन्यापर्यंत गेला. सहाच्या पाळीचे सगळे तिथेच जमलेले होते. ते खाली आले. भांडीवाले काका पुढे, मागे बाकीचे सहा. कोल्ड रूमच्या दोन्ही बाजूंच्या मांडण्यांमध्ये अरुंद वाट, त्या वाटेत सगळे उभे राहिले. सगळे भिंतीकडे बघत होते. काका ओळीने तारखा वाचत होते. रिकाम्या वाट्या त्यांनीच तर धुतल्या होत्या.

जावईबापू वाटेच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून, अजून नखाने खरवडतोय. पट्टीचं एक टोक निघालं.

आणि दाराकडून, सगळ्यांच्या पाठीमागून, दमलेला आवाज...

"मागे!"

"आहे!"

आठ जण. एका सुरात. आणि आठही जण दोन्ही बाजूंच्या मांडण्यांना चिकटले. मान कोणी वळवली नाही. ऊब एकेकाच्या पाठीवरून सरकत पुढे गेली, ॲप्रनची कड प्रत्येकाला लागली. डावा पाय ओढत... ओढत... मधली वाट मोकळी झाली. टोकाला फक्त जावईबापू.

त्याने आवाज ऐकलाच नव्हता, हे तो नंतर शपथेवर सांगायचा. त्याने ऐकलं ते फक्त आमच्या माणसांचं उत्तर. तो वळला. "काय आहे? कोण आहे?"

उत्तर दिलं नाही आणि वळलं, तर काय होतं ते मी सांगितलंय.

तो असा ओरडला की वर हॉलमध्ये टेबलं लावणारे थांबले. त्याचा पांढरा शर्ट गळ्यापासून कमरेपर्यंत ओला, वाफाळलेला. कोल्ड रूमच्या थंडीत ती वाफ दिसत होती. गाजर, कांदा, मिरी. "कोणी ओतलं? कोणी ओतलं!" आठ जणांनी आपले हात पुढे केले. सोळाच्या सोळा रिकामे. शेगड्या थंड. तो लोकांना ढकलत जिन्याकडे धावला. पोत्यावर राहिलेला कागद खाली पडला, सूपात भिजला, आणि सातही सह्यांची शाई पसरून एक डाग झाला.

काकांनी तो डाग पाहिला. मग मोठ्याने म्हणाले, "चला. सहा वाजले. आज सूप कोण चढवणार?"

"मी," धाकटी म्हणाली. "पण सातला मिळणार नाही म्हणावं. साडेनऊ होतील. साहेबलोकांनी थांबावं."

आणि थांबले हो! साडेनऊला वाट्या रिकाम्या खाली आल्या.

पुढचं थोडक्यात. अर्ज घेणारा अधिकारी आला. त्याने दोन दिवस बसून पट्ट्यांचे फोटो काढले. आठही जणांनी नावानिशी जबानी दिली. थोरलीच्या लेकीला भरपाई मिळायला आठ महिने लागले, पण मिळाली. अर्ध्या दिवसाचा कापलेला पगारसुद्धा तिने सोडला नाही. आता मधल्या सुट्टीत जो खाली थांबतो त्याला त्या तासांचा पगार आहे, आणि मेन स्विच चालू असतो. आजारपणाच्या रजेचं भांडण अजून चालू आहे. धाकटीला काढायची हिंमत कोणाला झाली नाही. जावईबापू तळघरात पाऊल टाकत नाही. छाती फार भाजली नव्हती म्हणतात, नुसती लाल झाली होती. ती लाली अजून उतरलेली नाही.

गोष्ट इथे संपली असती. पण त्या रात्री घरी निघताना धाकटीने ॲप्रन काढला, आणि त्याच्या पाठीवर, बरोब्बर कमरेच्या वर, तिला कागदी टेपची एक पट्टी दिसली.

पहिल्या ओळीत लिहिलेलं होतं, धाकटी. दुसऱ्या ओळीत त्या दिवसाची तारीख आणि वेळ, तीन वाजून वीस. तिसऱ्या ओळीत गोल, आणि त्याला शेपूट. यावेळी पूर्ण.

चौथी ओळही होती. टाकायची तारीख. तिच्यापुढे काही आकडे होते.

धाकटीने लगेच चष्मा काढला. पट्टी दुमडली आणि चष्म्याच्या डबीत ठेवली. इतक्या वर्षांत तिने चौथी ओळ वाचलेली नाही. मी एकदा म्हटलं, "अहो, मी वाचून सांगतो." तर माझ्यावरच खेकसली. "कशाला? थोरलीने लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार. तिचा हिशेब कधी चुकला नाही. तो दिवस येईल तेव्हा मी टेबलापाशी उभी असेन. आणि कामावर होते, असंच लिहिलं जाईल. त्याच्यापुढे मला काय करायचंय?"

असं म्हणून तिने डबी उघडून मला दाखवली. नुसती घडी, आतलं नाही. मग डबी बंद केली आणि अंगठा ॲप्रनला पुसला. ॲप्रनवर काळा डाग उमटला.

मार्करची शाई म्हणे मिनिटभरात वाळते. ती अजून ओली आहे.